पहिली प्रश्नमंजुषा रचताना: सिनेमा, खाणं, भूगोल आणि शब्दखेळ

कझाकस्तानची राजधानी कोणती? मी रचलेल्या पहिल्या प्रश्नमंजुषेतला हा सतरावा प्रश्न. माझ्या कागदावर उत्तर होतं नूर-सुलतान. एका संघानं ‘अस्ताना’ लिहिलं आणि मी त्यावर फुली मारली. तो संघ एका गुणानं हरला. सगळं आवरल्यावर त्यांच्यातली एक मुलगी येऊन शांतपणे म्हणाली, “नाव परत बदललंय.” तिचं खरं होतं. २०१९ मध्ये अस्तानाचं नूर-सुलतान झालं आणि २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना. मी प्रश्न घेतला ती यादी नेमकी या मधल्या तीन वर्षांतली होती.

त्यानंतर बऱ्याच प्रश्नमंजुषा रचल्या. घरगुती जमणुकीसाठी, कचेरीतल्या मंडळींसाठी, मुलांसाठी. तुम्ही पहिल्यांदाच रचणार असाल, तर ज्या खड्ड्यांत मी पडलो ते तुम्हाला आधीच दिसावेत म्हणून हे लिहितोय. चार फेऱ्या धरल्या आहेत: सिनेमा-टीव्ही-खेळ, खाणं, भूगोल आणि शब्दखेळ. एवढं मिश्रण असलं की प्रत्येकाला कुठे ना कुठे चमकायला मिळतं.

काय काय लागेल

- प्रश्नांची वही किंवा स्प्रेडशीट. रकाने पाच: प्रश्न, उत्तर, चालतील अशी इतर उत्तरं, माहिती कुठून घेतली, कधी तपासली. शेवटचा रकाना वगळू नका.
- अलीकडचा नकाशासंग्रह आणि एक चांगला शब्दकोश.
- प्रत्येक संघासाठी उत्तरपत्रिका आणि दोन पेनं. एक हमखास बंद पडतं.
- सेकंदकाटा दिसणारं घड्याळ किंवा फोनमधलं टायमर.
- गुण लिहायला दुसरी व्यक्ती. प्रश्न वाचणं आणि गुण मांडणं ही दोन्ही कामं एकट्यानं करू नका, बेरीज चुकते.
- ठरलेल्या संख्येपेक्षा निदान पाच प्रश्न जास्त.

१. खेळणारे कोण आहेत ते पाहा

वय, आवडी, आणि एकत्र बसणाऱ्यांत सर्वात लहान आणि सर्वात मोठं कोण, एवढं कळलं तरी पुरे. सगळे पंचविशीतले असतील तर १९६० च्या दशकातल्या सिनेमाचे पाच प्रश्न म्हणजे पाच वेळा शांतता. उलट घरात तीन पिढ्या असतील तर प्रत्येक संघात तिन्ही मिसळा आणि प्रश्नही तसेच ठेवा.

२. आधी गोष्ट गोळा करा, प्रश्न नंतर

नवखा माणूस ‘प्रश्न’ शोधायला बसतो आणि त्याच त्या याद्या हाती लागतात. त्यातले निम्मे प्रश्न लोकांनी ऐकलेले असतात. त्यापेक्षा वाचताना, बघताना ज्या ठिकाणी तुम्ही स्वतः “असं होय!” म्हणालात ती गोष्ट टिपून ठेवा. क्विझवाले याला ‘फंडा’ म्हणतात. फंडा हाती असला की त्यातून प्रश्न तीन तऱ्हेनं विचारता येतो.

माझ्या वहीतला एक आवडता फंडा: व्हॅनिला ही ऑर्किडच्या जातीची वेल. ती मूळच्या मेक्सिकोतून बाहेर नेल्यावर वाढायची, पण तिला शेंगा धरत नसत, कारण तिथं परागीभवन होत नव्हतं. १८४१ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एदमों आल्बियुस या गुलामगिरीत जन्मलेल्या १२ वर्षांच्या मुलानं बारीक काडीनं हातानंच परागीभवन करायची सोपी युक्ती शोधली, आणि पुढे हीच रीत जगभर पसरली. अशी गोष्ट सापडली की प्रश्न आपोआप सुचतो.

३. प्रश्नात उत्तराकडे जाणारी वाट ठेवा

सगळ्या लेखातली हीच पायरी मला सर्वात महत्त्वाची वाटते, म्हणून इथे जरा थांबतो.

सामान्यज्ञानाच्या अशा तुकड्यांना इंग्रजीत ‘ट्रिव्हिया’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्द ‘ट्रिव्हियम’, म्हणजे तीन वाटा मिळतात ती जागा. मला हे मूळ फार आवडतं, कारण चांगला प्रश्न तसाच असतो. उत्तर पाठ नसलं तरी कुठल्या ना कुठल्या वाटेनं तिथवर पोचता येतं. क्विझच्या बोलीत अशा प्रश्नाला ‘वर्कआउट होणारा’ म्हणतात.

आता हे दोन प्रश्न शेजारी ठेवून पाहा.

पहिला: “किवी फळाला नवं नाव कोणत्या वर्षी मिळालं?”

दुसरा: “मूळ चीनमधलं हे फळ. त्याचं बी १९०४ मध्ये दुसऱ्या एका देशात पोचलं. १९५९ मध्ये तिथल्या निर्यातदारांनी जुनं नाव बाजूला ठेवून त्याला आपल्या देशाच्या तपकिरी, न उडणाऱ्या पक्ष्याचं नाव दिलं. फळ कोणतं?”

पहिल्याचं उत्तर, १९५९, एकतर माहीत असतं किंवा नसतं. तिथं संघात चर्चा होत नाही, सगळे छताकडे बघत बसतात. दुसऱ्यात मात्र एकाला न्यूझीलंड आठवतं, दुसऱ्याला पक्षी, आणि तिसरी व्यक्ती ओरडते. माहिती तीच, पण उत्तर सापडल्याचा आनंद पूर्ण संघाला मिळाला.

वाट ठेवताना दोन गोष्टी सांभाळा. पहिली, प्रश्न फार लांबू देऊ नका, ऐकणारा सुरुवात विसरतो. दुसरी, शेवटच्या वाक्यात नेमकं काय हवंय ते स्पष्ट सांगा: “फळ कोणतं?”, “देश कोणता?” नुसतं “याबद्दल सांगा” म्हणालात की सहा संघ सहा वेगळ्या गोष्टी लिहितात.

४. भूगोल: इथंच सर्वाधिक वाद होतात

‘सर्वात’ हा शब्द दिसला की थांबा. सर्वात लांब नदी कोणती? बहुतेक पुस्तकं नाईल म्हणतात, पण ॲमेझॉनचा उगम आणि मुख कुठून मोजायचं यावर अभ्यासकांतच मतभेद आहेत. हा प्रश्न मी कायमचा काढून टाकला. सर्वात मोठं वाळवंट म्हणून सहारा लिहिलंत, तर कुणीतरी अंटार्क्टिका म्हणेल आणि ते बरोबर असेल, कारण वाळवंटाची व्याख्या पर्जन्यावरून होते. सहारा हवं असेल तर ‘उष्ण’ हा शब्द प्रश्नात घाला.

डोंगरांचंही तसंच. समुद्रसपाटीपासून मोजलं तर एव्हरेस्ट, नेपाळ आणि चीननं २०२० मध्ये जाहीर केल्याप्रमाणे ८८४८.८६ मीटर. पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलं तर इक्वेडोरमधल्या चिंबोराझोचं शिखर एव्हरेस्टच्याही सुमारे २ किलोमीटर पुढे, कारण पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली आहे. समुद्रतळावरच्या पायथ्यापासून मोजलं तर हवाई बेटांवरचा मौना केआ. हाच घोळ उलटा करून सुरेख प्रश्न होतो: “या तीन पर्वतांना कोणत्या तीन मापांनी पहिला नंबर मिळतो?”

राजधान्या विचारताना दक्षिण आफ्रिकेला तीन (प्रिटोरिया, केप टाउन, ब्लूमफाँटेन) आणि बोलिव्हियात घटनेनं सुक्रे पण सरकार ला पाझमध्ये, हे लक्षात असू द्या. देशांची नावंही बदलतात. स्वाझीलंड २०१८ पासून इस्वातिनी आहे, मॅसिडोनिया २०१९ पासून उत्तर मॅसिडोनिया. जुनं नाव लिहिणाऱ्याला गुण द्यायचा की नाही हे प्रश्न विचारण्याआधी ठरवा, नंतर नाही.

वाद न होणारे, तरीही विचार करायला लावणारे भूगोलाचे प्रश्नही आहेत. विषुववृत्त आणि ग्रिनिचचं मूळ रेखावृत्त ही दोन्ही ज्यातून जातात असा एकमेव खंड? आफ्रिका. स्वतः भूवेष्टित आणि ज्यांचे सगळे शेजारीही भूवेष्टित, असे दोन देश? लिक्टेनस्टाइन आणि उझबेकिस्तान. नकाशा डोळ्यांपुढे आणून सोडवता येतात, म्हणून हे प्रश्न मला प्रिय आहेत.

५. खाणं: दंतकथा गाळून घ्या

खाण्याच्या फेरीत सगळे उत्साहानं बोलतात, पण पदार्थांच्या जन्मकथा बऱ्याचदा कुणीतरी नंतर रचलेल्या असतात. मार्को पोलोनं चीनमधून पास्ता आणला, हे तुम्ही ऐकलं असेल. तो १२९५ मध्ये परतला, आणि सिसिलीत पास्ता तयार करून बाहेर पाठवला जात असल्याची नोंद त्याच्या शंभराहून अधिक वर्षं आधी, बाराव्या शतकात, अल-इद्रिसी या भूगोलकारानं करून ठेवली आहे. म्हणून ‘हा पदार्थ कुणी शोधला’ हा प्रश्न टाळा. ‘नाव कशावरून आलं’ हासुद्धा पक्का आधार मिळाल्यावरच घ्या.

दुसरा सापळा वनस्पतिशास्त्राचा. केळं शास्त्रीय अर्थानं ‘बेरी’ आहे आणि स्ट्रॉबेरी नाही. टोमॅटो शास्त्रात फळ, स्वयंपाकघरात भाजी. प्रश्नात ‘वनस्पतिशास्त्रानुसार’ हा एक शब्द असला की वाद मिटतो. टोमॅटोचा तर खटलाच झाला होता. अमेरिकेत भाज्यांवर आयातशुल्क होतं आणि फळांवर नव्हतं. १८९३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की रोजच्या व्यवहारात टोमॅटो भाजीच. हा प्रश्न मी पाच-सहा वेळा वापरला आहे आणि प्रत्येक वेळी लोकांनी निकालावर दहा मिनिटं चर्चा केली आहे.

नावानं फसवणारे पदार्थही ठेवा. ‘जर्मन चॉकलेट केक’ अमेरिकेतला आहे. त्यातलं ‘जर्मन’ हे सॅम्युएल जर्मन या माणसाचं आडनाव, ज्यानं त्यासाठी वापरलं जाणारं चॉकलेट तयार केलं.

६. सिनेमा, टीव्ही, खेळ: ऐकीव संवादांवर विसंबू नका

इथला मोठा धोका म्हणजे आपल्याला ‘नक्की आठवतंय’ असं वाटणं. ‘एलिमेंटरी, माय डिअर वॉटसन’ हे वाक्य शेरलॉक होम्सचं म्हणून सगळ्यांना पाठ आहे, पण कॉनन डॉयलनं लिहिलेल्या ४ कादंबऱ्या आणि ५६ कथांत ते या शब्दांत एकदाही येत नाही. संवाद विचारणार असाल तर मूळ पुन्हा पाहा किंवा वाचा.

विक्रमांचे प्रश्नही जपून. “सर्वाधिक ऑस्कर कोणत्या चित्रपटाला?” याला तीन बरोबर उत्तरं आहेत: ‘बेन-हर’ (१९५९), ‘टायटॅनिक’ (१९९७) आणि ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मालिकेतला तिसरा भाग (२००३), प्रत्येकी ११. “तिन्हींपैकी दोन सांगा” असं विचारलं तर तोच प्रश्न चोख होतो.

वाट असलेला एक नमुना: “१८८९ मध्ये जपानमध्ये हातानं रंगवलेले खेळायचे पत्ते बनवायला सुरू झालेली ही कंपनी आज लाल टोपीवाल्या, मिशीवाल्या प्लंबरमुळे घराघरांत माहीत आहे. कंपनी कोणती?” निन्टेंडो. पत्त्यांचं कुणालाच माहीत नसतं आणि मारिओ सगळ्यांना माहीत असतो. दुसरा: “१९६० च्या ‘सायको’ या कृष्णधवल चित्रपटात रक्त म्हणून गोड असं काय वापरलं?” चॉकलेट सिरप. रंग दिसणार नव्हता, फक्त दाटपणा हवा होता, हा विचार करत संघ उत्तरापर्यंत येतो. जेम्स बाँडचं नाव एका पक्षितज्ज्ञाचं होतं, हेही असंच. कॅरिबियनमधल्या पक्ष्यांवर त्यानं पुस्तक लिहिलं होतं आणि कादंबरीकाराला ते साधं नाव भावलं.

७. शब्दखेळ: मराठीत विचार करा, भाषांतर करू नका

इंग्रजी याद्यांमधले शब्दखेळ मराठीत आणले की ते जागीच मरतात. त्यांची गंमत स्पेलिंगमध्ये असते आणि आपली अक्षरं वेगळ्या रीतीनं चालतात. त्यामुळे ही फेरी पूर्णपणे स्वतः घडवावी लागते. मला यात सर्वात जास्त वेळ लागतो आणि सर्वात जास्त आनंदही मिळतो.

आधी नियम जाहीर करा. जोडाक्षर एकच अक्षर धरायचं. काना, मात्रा, वेलांटी आपल्या अक्षरासोबतच राहणार. हे का सांगावं लागतं ते पाहा: ‘रोम’ उलटं वाचलं तर काय? अक्षरं उलटी केली तर ‘मरो’, उच्चार उलटा केला तर ‘मोर’. दोन्ही बाजूंकडे मुद्दा आहे, म्हणून निर्णय आधी हवा. ऱ्हस्व-दीर्घाचंही ठरवा. ‘चिमा काय कामाची’ दोन्हीकडून सारखंच वाचतो आपण, पण एका टोकाला ‘चि’ आहे आणि दुसऱ्या टोकाला ‘ची’. ‘टेप आणा आपटे’ किंवा ‘रामाला भाला मारा’ मात्र काटेकोर नियमालाही उतरतात.

माझे काही नमुने देतो, हवे तसे वापरा. प्राचीन, अर्वाचीन आणि समीचीन या तिन्हींत लपलेला देश? चीन. पहिलं अक्षर म्हणजे जमीन, उरलेली दोन गायक घेतो, तो देश? भू आणि तान, भूतान. हाकेला दिलेलं उत्तर आणि त्यापुढे डोकं पेलणारा अवयव? ओ आणि मान, ओमान. पहिलं अक्षर काढलं की झाडाला लागतो असा देश? जपान. सोनं, डोळा आणि कमळ, तिन्हींसाठी तीन अक्षरी असे शब्द सांगा की जे उलटे वाचले तरी तेच राहतात: कनक, नयन, जलज. हात, किरण, सरकारला भरायचे पैसे आणि एक आज्ञा, सगळ्यांना एकच शब्द: कर.

एक खबरदारी. शब्दखेळ कानानं सोडवणं अवघड जातं. ही फेरी कागदावर छापून द्या, किंवा फळ्यावर लिहा, आणि वेळही जास्त ठेवा.

८. पडताळणी: दोन स्वतंत्र ठिकाणी

‘स्वतंत्र’ या शब्दावर भर आहे. एका ठिकाणाहून दुसऱ्यानं उतरवून घेतलं असेल तर ती दोन ठिकाणं नव्हेत. याचा प्रसिद्ध दाखला ‘ट्रिव्हिअल पर्सूट’ या खेळाचा. १९७० च्या दशकात फ्रेड वर्थ या अमेरिकी लेखकानं आपल्या सामान्यज्ञानकोशात मुद्दाम एक खोटी नोंद पेरली: टीव्ही मालिकेतल्या डिटेक्टिव्ह कोलंबोचं पहिलं नाव फिलिप. कुणी नक्कल केली तर पकडता यावी म्हणून. पुढे तेच ‘फिलिप’ या खेळाच्या कार्डावर उत्तर म्हणून आलं. वर्थनं १९८४ मध्ये ३० कोटी डॉलरचा दावा लावला आणि तो हरला, कारण नुसत्या माहितीवर कुणाचा मालकी हक्क नसतो. खटला काही का असेना, प्रश्न रचणाऱ्यानं बघायचं ते हे की चुकीचं उत्तर असंख्य घरांत बरोबर म्हणून वाचलं गेलं.

बदलणाऱ्या संख्यांपुढे तारीख घाला. शनीच्या ज्ञात चंद्रांच्या यादीत २०२५ मध्ये एकदम १२८ चंद्रांची भर पडून आकडा २७४ झाला. त्याआधी छापलेलं कोणतंही पुस्तक आज या बाबतीत चुकीचं आहे. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी राजधान्या, विक्रम आणि संख्या यांचे प्रश्न पुन्हा एकदा तपासा.

आणि दुसऱ्या व्यक्तीला सगळे प्रश्न सोडवायला द्या. ती अडखळली तिथं प्रश्नाचे शब्द बदला. तिनं वेगळं पण बरोबर उत्तर दिलं तर ते ‘चालतील अशी उत्तरं’ या रकान्यात घाला. माझ्यासाठी हे काम आता अस्ताना लिहिणारी तीच मुलगी करते.

९. क्रम आणि गुण

प्रत्येक फेरीत १० प्रश्न, एकूण ४०. दहांपैकी तीन जवळपास सगळ्यांना यावेत, पाच निम्म्यांना आणि दोन एखाद्याच संघाला. फेरीची सुरुवात सोप्यानं करा, शेवटही बऱ्यापैकी सोप्यानं करा, कठीण मध्ये ठेवा. नकारात्मक गुण नवख्यांसाठी नकोतच, लोक उत्तर द्यायला घाबरतात. शब्दखेळाची फेरी तिसरी ठेवा, शेवटी मेंदू थकलेले असतात. अक्षरलेखनाच्या चुकीसाठी गुण कापू नका. ‘इस्तंबूल’ आणि ‘इस्तांबूल’ दोन्ही चालतील.

एकाहून जास्त विषय एकत्र आणणारा प्रश्न मिळाला तर तो शेवटचा ठेवा. उदाहरणार्थ: “हा खाल्ला जाणारा पक्षी मूळचा उत्तर अमेरिकेतला. इंग्रजीत त्याला एका देशाचं नाव आहे. त्या देशाच्या भाषेत त्याला ‘हिंदी’ म्हणतात, म्हणजे भारतातला. पोर्तुगीजमध्ये त्याला ‘पेरू’ म्हणतात. पक्षी कोणता?” टर्की. हे उत्तर वाचल्यावर होणारा गलका ऐकण्यासाठीच मी तो शेवटी ठेवतो.

१०. प्रत्यक्ष त्या दिवशी

प्रश्न दोनदा वाचा, सावकाश. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर ४० सेकंद. फोन पालथे ठेवायला आधीच सांगा. उत्तर जाहीर करताना त्यामागची गोष्ट दोन वाक्यांत सांगा, व्हॅनिलाचा तो मुलगा लोकांना वर्षभर आठवतो.

वाद झालाच तर त्यांचं म्हणणं ऐका, रकाना बघा, निर्णय द्या आणि पुढे चला. आपलं उत्तर चुकीचं ठरलं तर तिथल्या तिथे मान्य करा आणि तो प्रश्न सगळ्यांसाठी रद्द करून जास्तीच्या पाचांपैकी एक घ्या. जास्तीचे प्रश्न यासाठीच असतात.

११. बरोबरी झाली तर

बरोबरीसाठी आकड्याचा प्रश्न आधीच लिहून ठेवा. ज्याचा अंदाज सर्वात जवळचा तो जिंकला. नेमकं उत्तर कुणाला पाठ नसावं, पण अंदाज बांधता यावा. माझा नेहमीचा: जगातलं सर्वात खोल सरोवर बैकल, त्याची कमाल खोली किती मीटर? उत्तर १६४२. दोन्ही संघांना एकाच वेळी कागदावर लिहायला लावा, तोंडी विचारलं तर दुसरा संघ पहिल्याच्या आकड्याला चिकटतो.